मागचे केस राहू द्यावेत : घरी कापल्या जाणाऱ्या मलेटविषयी

‘मलेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केशरचनेत एकाच डोक्यावर तीन लांब्या नांदवायच्या असतात : कपाळावर व टाळूवर मध्यम, कानांभोवती आखूड आणि मानेवर लांब. पाहणाऱ्याला ती अर्धवट राहून गेलेली हजामत वाटते, आणि चांगल्या मलेटने तसे वाटू देणे अपेक्षितही असते. परंतु अशी ठेवण हाताने घडवताना कात्री कुठे चालवायची याहून कुठे थांबवायची याचा विचार अधिक करावा लागतो. घरी केस कापण्याच्या दृष्टीने पाहिले तर मलेटची एक बाजू ठळकपणे पुढे येते. स्वतःचे केस स्वतः कापणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्याला स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दिसत नाही. दोन आरसे समोरासमोर धरले तरी हात उजवीकडे न्यायचा की डावीकडे याचा गोंधळ उडतो आणि कात्री भलतीकडे जाते. मलेटमध्ये नेमकी हीच बाजू राखायची असते. जे दिसत नाही ते कापायचे नाही आणि जे कापायचे ते आरशात समोर दिसते, ही या रचनेची मूळ सोय आहे. म्हणूनच ती सलूनमध्ये जितकी रुळली तितकीच स्वयंपाकघरात, गॅलरीत आणि न्हाणीघरातही रुळली. तिचा सर्वांत गाजलेला नमुनाही एका घरातच कापला गेला होता.

बेकनहॅममधले घर

लंडनच्या दक्षिणेकडील बेकनहॅम या उपनगरात सुझी फसी ही तरुणी स्त्रियांच्या केशकर्तनालयात काम करीत असे. गायक डेव्हिड बोवी त्या काळात त्याच उपनगरातील हॅडन हॉल नावाच्या जुन्या वाड्यात भाड्याने राहत होता, त्याची आई या केशकर्तनालयात येत असे, आणि त्या ओळखीतून १९७२ च्या सुरुवातीला सुझी हॅडन हॉलमध्ये पोहोचली. तोवर बोवीचे केस खांद्यावर रुळणारे, सरळ आणि पिंगट होते. जपानी वेशकार कान्साई यामामोतो यांच्या कपड्यांतील एका स्त्री मॉडेलचे, आखूड लाल केसांचे मासिकातील छायाचित्र तिला दाखवण्यात आले आणि तसे करता येईल का असे विचारण्यात आले. स्त्रीच्या डोक्यावरची कल्पना पुरुषाच्या डोक्यावर उतरवायची होती, आणि पुरुषांनी न्हाव्याकडे व स्त्रियांनी केशरचनाकाराकडे जायचे अशी त्या समाजातील विभागणी तेव्हा पुरेशी घट्ट होती.

या प्रसंगातील खरी शिकवण कापण्यानंतरच्या भागात आहे. समोरचे केस आखूड झाले तरी ते उभे राहिनात. मऊ, निरोगी केस कपाळावर लोळत राहिले आणि चित्रातील रूप काही साधेना. मार्ग सापडला तो रंगातून. लाल रंग चढवण्यासाठी ३० व्हॉल्यूमचे पेरॉक्साइड वापरले गेले. व्हॉल्यूम म्हणजे द्रावणाच्या एका मापातून प्राणवायूची किती मापे बाहेर पडू शकतात याचा अंक, आणि ३० व्हॉल्यूम म्हणजे साधारण नऊ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. एवढ्या तीव्र द्रावणाने केसावरचे खवल्यांचे बाह्य आवरण उघडते व खरखरीत होते, त्यामुळे गुळगुळीत केस एकमेकांवरून घसरतात तसे ते घसरत नाहीत, तर एकमेकांना धरून राहतात. त्यावर केस ताठ करणाऱ्या द्रावणाचा हात फिरला आणि समोरची झुलपं उभी राहिली. मागचे केस मात्र मानेवर तसेच रुळत राहिले. जुलै १९७२ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘स्टारमॅन’ गाताना बोवी दिसला तेव्हा हे केस देशभर पोहोचले. मलेट घरी करू पाहणाऱ्याने यातून घ्यावयाचा मुद्दा असा की या रचनेचे अर्धे काम कात्री करते आणि अर्धे काम केसाचा पोत करतो, आणि पोत सोबतीला नसेल तर उत्तम कापलेला मलेटही डोक्याला चिकटून बसतो.

समोर आखूड व मागे लांब ही कल्पना अर्थातच बोवीपासून सुरू होत नाही. सहाव्या शतकात बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियसने कॉन्स्टँटिनोपलमधील रथशर्यतींच्या निळ्या गटाच्या तरुणांविषयी तक्रारीच्या सुरात लिहून ठेवले आहे की ते समोरचे केस कानशिलांपर्यंत कापून टाकतात, मागचे वाटेल तसे वाढू देतात आणि या पद्धतीला हूणांची पद्धत म्हणतात. दंगेखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणांनी ही ठेवण पत्करावी, वडीलधाऱ्यांनी तिच्यावर नाराज व्हावे आणि तिचे मूळ कुठल्यातरी परक्या लोकांत दाखवले जावे, हा क्रम पुढे वारंवार दिसतो. इराणच्या अधिकाऱ्यांनी २०१० मध्ये पुरुषांसाठी संमत केशरचनांची चित्रे प्रसिद्ध केली तेव्हा त्यांतून मलेट वगळलेला होता. ‘मलेट’ हे नाव तर फारच उशिरा, बीस्टी बॉइज या अमेरिकी गटाच्या १९९४ च्या गाण्यानंतर रूढ झाले. तोवर ही केशरचना एक पूर्ण दशक गाजवून ओसरूही लागली होती.

ऑस्ट्रेलियातली वस्ती

आजच्या घडीला मलेटचे हक्काचे घर कुठे आहे असे विचारले तर ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवावे लागते. सिडनीच्या उत्तरेकडील हंटर खोऱ्यात करी करी हे कोळशाच्या खाणींच्या आधाराने वाढलेले छोटे गाव आहे. तिथला ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना २०१२ मध्ये बंद पडला. त्याच गावातल्या एका पबच्या आवारात २०१८ पासून मलेटफेस्ट ही स्पर्धा भरू लागली. स्पर्धकांचे गट ठरलेले असतात : रोजच्या वापरातला मलेट, मळकट मलेट, लाल केसांचा मलेट, जुन्या काळापासून राखलेला मलेट, शिवाय स्त्रियांचे आणि लहान मुलांचे वेगळे गट. या गटवारीकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे, कारण मलेट ही एक ठरीव रचना नसून केसांच्या जातीनुसार, वयानुसार व कामानुसार बदलणारे एक कुटुंब आहे ही गोष्ट तिच्यातून नेमकी कळते.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा ऑस्ट्रेलियन मलेट अपरिचित नाही. ऑक्टोबर २००४ मधील नागपूर कसोटीत नऊ बळी घेऊन भारताच्या हातून मालिका हिरावून घेणारा जेसन गिलेस्पी मानेवर उडणाऱ्या काळ्या केसांसाठीही ओळखला जात असे. त्याआधीच्या पिढीत सिडनी स्वान्सचा फुटबॉलपटू वॉरिक कॅपर सोनेरी मलेटसाठी प्रसिद्ध होता, आणि गोल्फपटू कॅमेरॉन स्मिथने २०२२ मध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन जिंकली तीही टोपीखालून बाहेर डोकावणाऱ्या मलेटसह. दुसरीकडे तिथल्या काही खासगी शाळांनी २०२१ च्या सुमारास मुलांच्या मलेटवर बंदी घातली. याच काळात ब्लॅक डॉग इन्स्टिट्यूट ही संस्था मानसिक आरोग्यावरील संशोधनासाठी मलेट वाढवून देणग्या गोळा करण्याचा उपक्रमही चालवू लागली. एकच केशरचना शाळेत निषिद्ध आणि समाजकार्यात साधन ठरावी, यावरून तिच्याविषयीच्या भावना किती टोकाच्या आहेत हे कळते.

मलेटच्या या पुनरागमनात महासाथीचा वाटा मोठा आहे. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने केशकर्तनालयात कुणालाही तीस मिनिटांहून अधिक काळ थांबता येणार नाही असा नियम जाहीर केला आणि तो दोन दिवसांत मागे घेतला. पुढे मेलबर्नच्या दीर्घ टाळेबंदीत तर दुकानेच बंद राहिली. घरात कात्री हाती घेणाऱ्यांना समोरचे आणि कानावरचे केस आवरता येत होते, मागचे येत नव्हते. त्यामुळे कित्येक डोक्यांवर मलेट न ठरवताच उगवला आणि मग आवडून राहिला. महाराष्ट्रातही तेव्हा हीच स्थिती होती. इथली केशकर्तनालये २८ जून २०२० पासून उघडण्याची मुभा मिळाली तीदेखील केस कापण्यापुरतीच, दाढीसारखी त्वचेशी थेट संबंध येणारी कामे तेव्हाही बंद होती. त्या तीन महिन्यांत घरोघरी बाबांच्या मानेवर मुलाने ट्रिमर चालवला, मुलाच्या कपाळावर आईने कात्री चालवली, आणि नाभिक समाजातील कारागिरांच्या उत्पन्नावर त्याचा जो घाव बसला तो विसरण्यासारखा नाही.

महाराष्ट्रातील मलेटची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. १९९१ मधील ‘सडक’ आणि ‘साजन’ या चित्रपटांतील संजय दत्तचे केस कानांवर आवरलेले आणि मानेवर मोकळे सोडलेले होते, आणि त्या वर्षांत गावोगावच्या सलूनमध्ये ‘संजय दत्तसारखे’ एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नसे. आजच्या मुलांची मागणी वेगळी आहे : कानाभोवती अर्धगोलात मशीनने उतरत नेलेला ‘फेड’, वर कुरळे आणि मागे बोटभर लांब. फेड म्हणजे केसांची लांबी त्वचेपासून वर हळूहळू, कुठेही रेघ न दिसता वाढत नेणे. हे काम घरी करू नये. त्यासाठी मशीनच्या पात्याची उघडझाप क्षणोक्षणी बदलावी लागते, आणि हा हात वर्षानुवर्षांच्या सरावानेच बसतो. घरी साधण्यासारखा आहे तो कात्रीचा मऊ मलेट, आणि पुढील विवेचन त्याच्याविषयीच आहे.

कात्री धरण्याआधी

केस ओले असताना कापायचे की कोरडे, हा पहिला निर्णय. केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात, त्यामुळे ओला केस ताणला जातो, लांब दिसतो आणि सरळ भासतो. वाळताना हे बंध पुन्हा जुळतात व केस आपल्या मूळ वळणावर आखडून वर जातो. सरळ केसांत हा फरक थोडा असतो, परंतु कुरळ्या केसांत कपाळावरची बट ओली असताना भुवईपर्यंत आणि वाळल्यावर थेट कपाळाच्या मध्यावर अशी गत होऊ शकते. सलूनमधील कारागीर हे आखडणे मनात धरून कापतो. घरच्या हाताला तो अंदाज नसतो, म्हणून घरी कोरडे केस कापणे शहाणपणाचे. आदल्या दिवशी केस धुवावेत आणि त्या रात्री खोबरेल तेल लावू नये, कारण तेलाने बटा एकत्र चिकटतात, जड होऊन खाली लोंबतात आणि त्यांची खरी जागा लपते.

दुसरी गोष्ट भोवऱ्याची. टाळूच्या मागे केस ज्या बिंदूभोवती गोल फिरत उगवतात तो भोवरा. कुणाला एक, कुणाला दोन. या जागेचे केस आखूड झाले की ते उगवण्याच्या दिशेने ताठ उभे राहतात आणि कोणत्याही मेणाने बसत नाहीत, त्यामुळे भोवऱ्यावर किमान चार बोटे लांबी राखावी असा ठोकताळा धरायला हरकत नाही. मानगुटीवरचे केसही सरळ खाली उगवतात असे नाही, कुणाचे एका बाजूला तर कुणाचे मध्याकडे वळतात. मागचे लांब ठेवले की त्यांच्या वजनानेच हे वळण झाकले जाते, आणि ही मलेटची आणखी एक सोय.

साधने थोडी लागतात, पण जी लागतात ती खरी लागतात. कागद किंवा कापड कापण्याच्या कात्रीने केस कापला जात नाही, दुमडला जातो आणि टोकाशी चिरतो. त्यामुळे केसांची अशी धारदार कात्री वेगळी ठेवावी आणि तिने दुसरे काहीही कापू नये. बारीक दातांची फणी, केस अडकवण्याचे चिमटे, दोन रबरबँड आणि पाण्याची फवारणी एवढे पुरते. एका पात्याला दाते असलेली, केस विरळ करणारी कात्री सोबतीला असली तर बरे, नसली तरी अडत नाही. ट्रिमर असेल तर त्याला लावायच्या प्लॅस्टिकच्या फण्यांचे अंक आधी समजून घ्यावेत : एक नंबर म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे दहा, चार म्हणजे बारा ते तेरा. सुरुवात नेहमी मोठ्या अंकाने करावी.

सांधा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एका सदनिकेच्या गॅलरीत, जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरून आणि गळ्याभोवती धुणे वाळत घालण्याच्या चिमट्याने चादर आवळून, अकरावीतील एक मुलगा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेला आहे आणि त्याच्या मागे त्याची थोरली बहीण फणी घेऊन उभी आहे. समोरच्या खुर्चीवर आरसा टेकवला आहे. मुलाची अट एकच : “ताई, मागच्याला हात लावायचा नाही हं.” आतून आईचा आवाज येतो, “कानाला जप गं, नवी कात्री आहे ती.”

बहीण पहिल्याने फणीच्या टोकाने एक भांग पाडते. हा भांग कपाळापासून मागे जात नाही, तर एका कानाच्या मागून निघून भोवऱ्याच्या बोटभर पुढून डोक्यावरून दुसऱ्या कानाच्या मागे उतरतो. या रेघेच्या मागचे सगळे केस ती मानेशी रबरबँडने बांधून टाकते. या एका कृतीने मलेटचा निम्मा धोका टळतो, कारण बांधलेल्या केसांपर्यंत कात्री चुकूनही पोहोचत नाही. ही रेघ किती पुढे वा मागे घ्यायची यावर पुढचे सारे रूप ठरते : कानाच्या पुढे घेतली तर बाजूंचे केस दाट राहतात आणि मलेट मऊ दिसतो, फार मागे नेली तर मानेवर एक बारीक शेपटी तेवढी उरते. नवशिक्याने रेघ कानाच्या लगत मागे ठेवावी.

त्यानंतर वरचे केस. डोक्याच्या मध्यावरून, कपाळापासून भोवऱ्याकडे जाणारी दोन बोटे रुंद पट्टी वेगळी काढली जाते. ती सरळ वर उचलून बोटांच्या चिमटीत धरली जाते आणि बोटांच्या वर उरलेले टोक कापले जाते. केस डोक्याच्या पृष्ठभागाशी कोणत्या कोनात धरले आहेत याला फार महत्त्व आहे. खाली पडू देऊन कापले तर सगळी टोके एका रेघेत येतात आणि तिथे वजन साठते. काटकोनात वर उचलून कापले तर प्रत्येक केस आपल्या मुळापासून सारख्याच लांबीचा राहतो, थर तयार होतात आणि केस हलके होतात. मलेटच्या माथ्याला हे थरच हवे असतात. कापताना बहीण कात्री आडवी धरत नाही, तिचे टोक केसांच्या दिशेने जवळजवळ उभे धरून टोकांत लहान लहान खाचा घेत जाते. आडव्या कापाने पडणारी रेघ तज्ज्ञ हातालाही लपवता येत नाही, उलट खाचांनी कापलेली टोके एकमेकांत मिसळून जातात आणि दोनचार मिलिमीटरची चूक दिसतच नाही. ही पहिली पट्टी पुढील सर्व पट्ट्यांचे माप ठरते : प्रत्येक नवी पट्टी उचलताना आधीच्या कापलेल्या पट्टीतील थोडे केस सोबत घ्यायचे आणि त्यांच्या उंचीवर थांबायचे.

कान ही या कामातील सर्वांत अवघड जागा. घरी केस कापून बिघडल्यावर सलूनमध्ये दुरुस्तीला येणाऱ्यांचा बिघाड बहुतेक वेळा कानावरचाच असतो, आणि त्याचे कारण साधे आहे : कान बाहेर आलेला असल्यामुळे त्याच्यावरून केस ताणून धरले की ते असतात त्याहून लांब भासतात, आणि सोडले की उडी मारून वर जातात. म्हणून इथे केस ताणायचे नाहीत, फणीने नुसते खाली बसवायचे आणि कान हाताने दुमडून धरून कडेने कापत जायचे. बहिणीच्या हातून डाव्या कानावर एक खाच जरा वर जाते. त्यावर पहिली ऊर्मी उजवा कान त्याच्या बरोबरीने वर नेण्याची असते, आणि नेमक्या याच क्षणी घरातील बहुतेक मलेट बिघडतात, कारण मग उजवा जास्त वर जातो, पुन्हा डावा, आणि दोन्ही कानशिले उघडी पडतात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. त्या हिशेबाने डावीकडची तीन मिलिमीटरची उणीव आठवडाभरातच भरून निघते. बहीण उजव्या कानाला हात लावत नाही, आणि हा निर्णय तिच्या त्या दिवसाच्या कामातील सर्वांत चांगला म्हणावा लागेल.

आता बांधलेले केस सोडले जातात, आणि मलेटची खरी परीक्षा सुरू होते. पुढचा आखूड भाग आणि मागचा लांब भाग यांच्यामध्ये, कानाच्या मागे, एक ठळक पायरी उभी राहिलेली असते. ही पायरी तशीच ठेवणे हीदेखील एक शैली आहे, आणि करी करीच्या मैदानात तिला मान आहे. परंतु बहुतेकांना हवा असतो तो मिसळलेला सांधा, आणि तो साधण्याची युक्ती भूमितीची आहे. कानामागची एक उभी पट्टी घेऊन ती मागे वा खाली न धरता पुढे, गालाच्या दिशेने ओढायची आणि कानाच्या पुढच्या केसांच्या लांबीशी मिळवून टोके कापायची. कापण्याची जागा एकच असते, पण पट्टीतील मागच्या केसांना तिथवर येण्यासाठी जास्त अंतर काटावे लागते, त्यामुळे मोकळे सोडल्यावर जवळचे केस आखूड आणि दूरचे लांब राहतात व दोन्हींमध्ये आपोआप उतार तयार होतो. जितके पुढे ओढावे तितका मागचा भाग लांब उरतो. केस लांब राखायचे तर ते दूर ओढून कापावेत, हे ऐकायला उलटे वाटते, परंतु एक पट्टी कापून पाहिली की तत्त्व लगेच उमगते. भोवऱ्याच्या मागच्या केसांनाही हीच रीत लागू पडते : ते पुढे कपाळाकडे ओढून माथ्याच्या पट्टीशी मिळवले की टाळूवरून मानेकडे जाणारा उतार तुटत नाही.

मागच्याला हात लावायचा नाही ही मुलाची अट एका बाबतीत मोडावी लागते. टोके अजिबात न कापलेले मागचे केस जाड फडक्यासारखे मानेवर लोंबतात आणि पुढच्या हलक्या थरांपुढे ते जड दिसतात. केस खांद्यापर्यंत पोहोचत असतील तर ते दोन भागांत पुढे छातीवर घेऊन, म्हणजे पुन्हा डोळ्यांसमोर आणून, टोकांत उभ्या खाचा घेता येतात. तेवढे लांब नसतील तर दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी. बहीण इथे भावाला आधी विचारते आणि मगच नखाएवढी टोके घेते. मग ती डोके जोरात झाडायला सांगते, कारण फणीने बसवलेले केस खोटे बोलतात. हलवल्यावर जे जिथे पडतात तीच त्यांची जागा, आणि उरलेल्या चुका त्यानंतरच शोधायच्या.

पावसाळी हवा आणि मोकळी मान

कापलेल्या मलेटला रूप देताना बोवीच्या घरातला धडा पुन्हा लागू होतो : माथ्याला पोत हवा आणि मानेला मोकळेपणा. सरळ, मऊ केसांना तो पोत मिठाच्या पाण्याची फवारणी देते. पाणी उडून गेल्यावर उरलेले मिठाचे कण केसांना खडबडीत करतात आणि बटा वेगळ्या दिसू लागतात. रोज वापरल्यास केस कोरडे पडतात, म्हणून आठवड्यातून दोनतीनदाच वापरावी. कुरळ्या केसांना तिची गरज नसते. ते ओले असतानाच मुठीत हलके दाबून, हात न लावता वाळू द्यावेत. ड्रायर वापरायचा तर डोके खाली वाकवून मुळांशी वारा द्यावा आणि केस थंड होईपर्यंत फणी लावू नये, कारण उष्णतेने दिलेला आकार थंड होतानाच पक्का होतो.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर हा आकार टिकणे कठीण. हवेतील बाष्प केसात शिरून तेच हायड्रोजन बंध पुन्हा सैल करते, सकाळी उभा केलेला माथा दुपारपर्यंत बसतो आणि कुरळे केस मात्र फुलतात. अशा हवेत पाण्यात विरघळणाऱ्या जेलपेक्षा मेणावर आधारलेले प्रसाधन थोडेसे, तळहातावर पूर्ण चोळून, फक्त टोकांना लावणे अधिक टिकते. मानेवरच्या केसांना ते लावू नये. तिथे घाम आधीच असतो, त्यात मेण मिसळले की मानगुटीवर पुळ्या येतात. पावसाळ्यात मागचे केस रोज पाण्याने धुऊन पुसणे हीच त्यांची खरी निगा.

कायमचे कुरळे करण्याची रासायनिक प्रक्रिया, जिला बोलीभाषेत पर्म म्हणतात, १९८० च्या दशकातील अनेक मलेटांमागे होती. तिच्यात थायोग्लायकोलेट या रसायनाने केसातील गंधकाचे बंध तोडून, केस नव्या वळणावर गुंडाळून, मग पेरॉक्साइडने ते पुन्हा जोडले जातात. हायड्रोजन बंधांप्रमाणे हे बंध पाण्याने सुटत नाहीत, म्हणून वळण टिकते. पण वेळेचा अंदाज चुकला तर केस तुटतात आणि त्वचा भाजते. ही प्रक्रिया घरी करणे टाळावे.

वाढ, दुरुस्ती आणि निरोप

मलेटची घडी मागे बिघडत नाही, कानावर बिघडते. तीनचार आठवड्यांत कानावरचे केस कानाला टेकू लागतात, बाजूंचा आखूडपणा संपतो आणि सारी रचना नुसत्या वाढलेल्या केसांसारखी दिसू लागते. म्हणून घरच्या निगराणीचा सारा भर महिन्यातून एकदा कानांची कड आणि कल्ले नीट करण्यावर असावा, माथा दोन महिन्यांतून एकदा उचलावा आणि मागचे त्याहून क्वचित. कानांची कड नीट करायला सलूनमध्ये गेल्यावर ‘मलेट ठेवा’ एवढेच सांगणे अपुरे पडते, कारण सवयीने कारागिराचा हात मानगुटीवर मशीन घेऊन जातो. खुर्चीत बसतानाच मागचे बोटांत धरून दाखवावे आणि मानेवर मशीन चालवायची नाही हे स्पष्ट सांगावे.

मलेट सोडायचा ठरवला तर पुष्कळ जण पहिल्याने पुढचे वाढण्याची वाट पाहतात आणि मधले काही महिने विचित्र रूपात काढतात. त्याऐवजी मागचा भाग दर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर आखूड करीत न्यावा आणि माथ्याला व कानांना हात लावू नये; पुढचे सव्वा सेंटिमीटरने वाढतात, मागचे दोनाने कापले जातात पण त्याच वेळी वाढतही असतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक महिन्याला दोन सेंटिमीटरने कमी होतो, आणि दहा सेंटिमीटरची तफावत असलेला मलेट पाचएक महिन्यांत एकसारख्या मध्यम लांबीवर येतो. या काळात मागचे कापण्यासाठी मात्र घरातील दुसरे कुणी, अथवा कोपऱ्यावरचे सलून, यांची मदत घ्यावीच लागते, कारण आता कात्री त्या बाजूला जाणार असते जी आरशात दिसत नाही.